घर विकताना सॉलिसिटरचं बिल कोटच्या दुप्पट! कुणाला पैसे परत मिळालेत का?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. आमचा रेडिंगमधला दोन बेडरूमचा फ्लॅट गेल्या शुक्रवारी विकला गेला. गिऱ्हाईक चांगलं होतं, किंमतही ठरली तीच मिळाली, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण सॉलिसिटरच्या (विक्रीचं कायदेशीर काम करणाऱ्या वकिलाच्या) बिलाने जो धक्का दिलाय त्यातून मी अजून सावरलेलो नाही. इथे इंग्लंडमध्ये राहणारे बरेच जण आहेत, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितो.

काम देण्याआधी तीन ठिकाणी कोट, म्हणजे खर्चाचा आकडा, मागवलं होतं. ज्यांना काम दिलं त्यांचं असं होतं: फी ८५० पौंड आणि त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे १,०२०. लँड रजिस्ट्रीकडून (मालमत्तांची सरकारी नोंदणी) टायटल रजिस्टर आणि टायटल प्लॅनची, म्हणजे मालकीच्या नोंदीची आणि नकाशाची, प्रत, प्रत्येकी ७ प्रमाणे १४. बँक ट्रान्सफरचे व्हॅटसह ४२. आम्हा दोघांच्या ओळखपत्रांच्या पडताळणीचे २८.८०. एकूण १,१०४.८०. फ्लॅट लीजहोल्ड आहे (लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा, जमीन-इमारत दुसऱ्याची) आणि त्यावर कर्ज आहे, या दोन्ही गोष्टी मी पहिल्याच फॉर्ममध्ये भरून दिल्या होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

कम्प्लीशनच्या (पैसे आणि किल्ल्या हातात पडण्याच्या) आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला, ई-मेलने कम्प्लीशन स्टेटमेंट, म्हणजे शेवटचा हिशोब, आलं. घरभर खोके, पडदे काढलेले, बायको फरशीवर बसून एकेक वाटी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोबाइलवरच ते उघडलं. बिलाचा आकडा २,१८६.८०.

वाढीव रकमा अशा (जिथे व्हॅट लागतो तिथे तो धरून): लीजहोल्ड सप्लिमेंट ३००. बिल्डिंग सेफ्टी ॲक्टची कागदपत्रं २४०. खरेदीदाराच्या वाढीव चौकशांना उत्तरं १८०. तातडीचं कम्प्लीशन १२०. कर्जफेडीचं काम ९०. दुसरी बँक ट्रान्सफर ४२. बॉयलरचं सर्टिफिकेट सापडलं नाही म्हणून काढलेल्या इंडेम्निटी इन्शुरन्सचा (कागद नसल्याने पुढे नुकसान झालं तर भरून देणारा विमा) हप्ता ३८, आणि तो काढून देण्याचे ७२. मॅनेजिंग एजंटकडून (इमारतीची देखभाल बघणारी कंपनी) घेतलेल्या लीजहोल्ड पॅकचे (इमारतीच्या माहितीच्या कागदांचे) ३९० यात नाहीत, ते मी आधीच वेगळे भरले होते आणि त्यांची कल्पना मला दिलेली होती.

त्यांचं ऑफिस साडेपाचला बंद होतं. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत किल्ल्या द्यायच्या. घराचे पैसे आधी त्यांच्याच खात्यात येणार, त्यातून ते आधी स्वतःचं बिल कापणार आणि उरलेले मला पाठवणार. अडला हरी अशी गत. मी "ठीक आहे" एवढंच उत्तर पाठवलं आणि रात्रभर तळमळत राहिलो.

हे असं करणं नियमात बसतं का? पैसे कापून घेतल्यावर भांडता येतं का?

अबोली

अगदी अगदी! आमचं मिल्टन कीन्सचं घर विकताना असंच झालं. आमचं तर फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) होतं, तरी ४०० वाढले. इस्टेट एजंटने सुचवलेला सॉलिसिटर घेतला होता. त्याच्याकडून एजंटला रेफरल फी जाते हे पत्रात लिहिलेलं होतं, पण त्या वेळी वाचतंय कोण. आम्ही गप्प बसलो. तुम्ही बसू नका.

कोकणकडा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ८५० पौंडांत लीजहोल्ड फ्लॅटची विक्री कुणीच करत नाही. एवढं कमी कोट दिसलं तेव्हाच शंका यायला हवी होती. लीजहोल्डला काम खरोखर जास्त असतं: लीज वाचायची, ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं), सर्व्हिस चार्जचे (देखभाल खर्चाचे) हिशोब, मॅनेजिंग एजंटच्या मागे लागायचं. तुम्ही सही केलेल्या टर्म्स ऑफ बिझनेसमध्ये हे सगळे दर बहुधा छापलेले असतील. पान उलटून बघा.

नदीकाठ

@कोकणकडा, राग नाही. बघितलं. सातव्या पानावर तक्ता आहे आणि त्यात लीजहोल्ड सप्लिमेंट आहे हे खरं. पण मी लीजहोल्ड लिहून दिल्यावरच त्यांनी कोट बनवलं ना? मग ती रक्कम कोटमध्ये का नाही? आणि ८५० हे तिघांतलं मधलं कोट होतं, सगळ्यात स्वस्त नव्हे. ज्यांचं सर्वांत महाग होतं त्यांनी १,९०० सांगितले होते आणि मला ते लुटारू वाटले होते. आता कळतंय की त्यांनी सगळं धरून सांगितलं होतं. याचं सगळ्यात वाईट वाटतं.

माळरान

मी सात वर्षं बर्मिंगहॅममधल्या एका फर्ममध्ये कन्व्हेयन्सिंग (घरांच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम) असिस्टंट होते, आता ते काम सोडलंय. जरा लांब लिहिते.

या बिलातल्या रकमा तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार म्हणजे तिसऱ्याला द्यावे लागणारे पैसे: लँड रजिस्ट्री, मॅनेजिंग एजंट, इन्शुरन्सचा हप्ता. त्यात सॉलिसिटरचा हात नसतो. (लँड रजिस्ट्रीची प्रत डिसेंबर २०२४ पर्यंत ३ पौंडांना मिळायची, मग ७ झाली. तुमचं बरोबर आहे.) बँक ट्रान्सफर मात्र या प्रकारात दिसली तरी पूर्ण तशी नाही. बँक फर्मला जेवढे लावते त्यापेक्षा फर्म जास्त लावते, तो फरक त्यांचा असतो. आणि ती फर्मची स्वतःची सेवा धरली जाते, म्हणून त्यावर व्हॅट आहे.

दुसरा प्रकार, काम घेतानाच जे दिसत होतं ते. लीजहोल्ड सप्लिमेंट, कर्जफेड, दुसरी ट्रान्सफर. कर्ज आहे म्हटल्यावर एक ट्रान्सफर बँकेला आणि एक तुम्हाला, अशा दोन होणारच. हे "अनपेक्षित" कसं? कोटचा आकडा छोटा दिसावा म्हणून हे बाहेर ठेवतात. मी स्वतः असे कोट टाइप केलेत, त्यामुळे सांगते. आमच्याकडे कोट बनवायच्या पडद्यावर "लीजहोल्ड" अशी चौकट होती. तिच्यावर टिचकी मारली की आकडा वाढायचा. फोनवर पटकन आकडा सांगताना ती मारली जायचीच असं नाही.

तिसरा प्रकार खरोखर मध्येच उपटणारा: बॉयलरचा कागद नसणं, खरेदीदाराच्या वकिलाने चाळीस प्रश्न पाठवणं. याचे पैसे मागण्यात गैर नाही, पण काम करण्याआधी सांगायला हवं. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या (सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणारी संस्था) आचारसंहितेतच आहे की काम घेताना, आणि काम चालू असताना खर्चात फरक पडला तर तेव्हाही, ग्राहकाला एकूण खर्चाची शक्य तितकी चांगली माहिती द्यायची. शिवाय डिसेंबर २०१८ पासून घरांच्या खरेदी-विक्रीची फी फर्मने वेबसाइटवर जाहीर करायची असते. फीत काय धरलंय आणि कुठलं काम धरलेलं नाही, हेसुद्धा. त्यांच्या वेबसाइटवरचं ते पान आजच प्रिंट करून ठेवा. उद्या बदलेल.

आणि मला एक सांगा, तुमची इमारत किती मजली आहे?

नदीकाठ

@माळरान, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. इमारत तळमजला आणि वर दोन मजले. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर होतो. लिफ्ट नाही.

माळरान

वाटलंच. मग ते २४० पौंड कशाचे हे त्यांना विचारा, आणि लेखी विचारा.

बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ मधलं लीजधारकांचं संरक्षण ११ मीटर उंच किंवा पाच मजली, आणि त्यापेक्षा मोठ्या इमारतींना आहे. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर क्लॅडिंग (भिंतींचं बाहेरचं आवरण) वगैरे दुरुस्तीचा खर्च फ्लॅटवाल्यांच्या डोक्यावर येऊ नये म्हणून तो कायदा आला. त्यासाठी लीजधारकाने सर्टिफिकेट भरून द्यायचं असतं, १४ फेब्रुवारी २०२२ या तारखेला हा फ्लॅट तुमचं मुख्य घर होता का वगैरे, आणि इमारतीच्या मालकाने आपलं. ते तपासणं किचकट आहे, चूक झाली तर फर्मच्या अंगाशी येतं, म्हणून त्याची वेगळी फी लावतात आणि मोठ्या इमारतींसाठी ती मला पटते. पण तुमच्या तीन मजली इमारतीला ही सर्टिफिकेटं लागतच नाहीत. तुम्ही असलं काही भरून दिलं होतं का?

नदीकाठ

नाही!! सगळे ई-मेल शोधले. मी भरले ते मालमत्तेच्या माहितीचा टीए ६, सामानाचा टीए १०, आणि लीजहोल्डचा टीए ७. सर्टिफिकेट असं काहीच नाही. म्हणजे न केलेल्या कामाचे २४० पौंड?

हिरवा चाफा

बॉयलरबद्दल: पुढे कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. बॉयलर गॅस सेफ रजिस्टरच्या (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) माणसाने बसवला असेल आणि त्याने तो नोंदवला असेल तर सर्टिफिकेटची दुसरी प्रत गॅस सेफच्या वेबसाइटवरून थोड्या पैशांत मागवता येते. पत्ता टाकला की नोंद आहे का ते दिसतं. खिडक्यांचं तसंच, एप्रिल २००२ नंतर बदललेल्या असतील तर फेन्साकडे (खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी) शोधायचं. इन्शुरन्स काढायला सॉलिसिटरला पाच मिनिटं लागतात आणि त्याचे ७२ पौंड होतात. त्यामुळे ते स्वतःहून "आधी शोधून बघा" म्हणतीलच असं नाही. घर विकायला काढायच्या आधी एक दिवस बसून हे कागद जमवावेत.

नदीकाठ

@हिरवा चाफा, आत्ता तपासलं. नोंद आहे. २०१६ सालची. आमच्या पत्त्यावर. (नि:शब्द)

पाऊलवाट

मी एडिनबराला असते, आमच्याकडे पद्धत वेगळी. बहुतेक वेळा घर विकायचं कामही सॉलिसिटरच करतात, एजंट वेगळा नसतो, आणि घर बाजारात आणायच्या आधी होम रिपोर्ट (घराची स्थिती आणि किंमत सांगणारा अहवाल) विकणाऱ्यालाच काढावा लागतो. लीजहोल्डची भानगड तर जवळपास नाहीच. त्यामुळे हा धागा वाचून इंग्लंडमध्ये फ्लॅट घेणाऱ्यांची काळजी वाटते. बिल मात्र इथेही ओळीओळीने तपासावं लागतं.

गिरणगाव

ठाण्यातून वाचतोय. थोडं अवांतर, पण तुमचा मॅनेजिंग एजंट आणि आमची सोसायटी यांत साम्य वाटलं. मागच्या वर्षी बाबांचा फ्लॅट विकला तेव्हा सोसायटीने "डोनेशन" म्हणून दोन लाख मागितले. एनओसी अडवून धरली. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, ९ ऑगस्ट २००१ चं सरकारी परिपत्रक आहे. ते छापून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं, उपनिबंधकांकडे अर्ज करतो म्हणालो. २५ हजारांवर गाडी आली. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हे दोन्हीकडे सारखंच दिसतंय.

तुमच्याकडे लीजहोल्ड पॅकला अशी मर्यादा आहे का?

माळरान

@गिरणगाव, नाही ना! मॅनेजिंग एजंट सांगेल तो आकडा. ३९० हा मी पाहिलेल्यांतला मधला आहे. दुसरीकडून तो पॅक मिळतच नाही, त्यामुळे घासाघीस करायला जागा नाही.

@नदीकाठ, आता तक्रार कशी करायची ते. आधी फर्मच्याच तक्रार बघणाऱ्या माणसाला लिहायचं, नाव तुमच्या पहिल्या पत्रात असेल. ज्याने तुमची फाइल हाताळली त्याला लिहून उपयोग नाही. त्यांना आठ आठवडे मिळतात. उत्तर पटलं नाही, किंवा आलंच नाही, तर लीगल ओम्बड्समन (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र यंत्रणा). त्याला तुमच्या खिशातून काही लागत नाही. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. तुमची फर्म सॉलिसिटरची नसून लायसन्स्ड कन्व्हेयन्सरची असली तरी ओम्बड्समन हाच.

पत्रात "तुम्ही फसवलं" असं लिहू नका. प्रत्येक रकमेसमोर एकच प्रश्न: हे काम कोणत्या तारखेला केलं, आणि त्याचा खर्च मला कोणत्या तारखेला कळवला? बस्स. फाइलमध्ये तारीख नसेल तर उत्तर देता येत नाही, हे मला आतून माहीत आहे.

कोकणकडा

मी आधी जे लिहिलं त्यातला बिल्डिंग सेफ्टीचा भाग मला माहीत नव्हता. ते २४० तर सरळ परत मागा. तातडीच्या कम्प्लीशनचं काय? घाई तुम्ही केली होती का?

नदीकाठ

@कोकणकडा, नाही, आणि हाच माझा सगळ्यात मोठा सल आहे. मॅनेजिंग एजंटने पॅक पाठवला ३ तारखेला. मला त्याची प्रत आली होती, म्हणून तारीख पक्की माहीत आहे. आमच्या सॉलिसिटरने तो खरेदीदाराच्या वकिलाकडे पाठवला २२ तारखेला. एकोणीस दिवस फाइल त्यांच्या टेबलावर. मधे मी चार फोन केले, दर वेळी "आज बघतो". खरेदीदाराच्या कर्जाची मुदत संपत आली, मंगळवारी एक्सचेंज (करार पक्का करणं) आणि शुक्रवारी कम्प्लीशन करावं लागलं. त्यांच्या तक्त्यात एक्सचेंज आणि कम्प्लीशनमध्ये पाच कामाचे दिवस नसतील तर १०० अधिक व्हॅट. उशीर त्यांचा, दंड मला.

पत्र लिहायला बसतोय.

अबोली

काय झालं ते नक्की कळवा. बरेच जण नुसतं वाचत असतील.

नदीकाठ

पाच आठवड्यांनी परत आलो, उशिराबद्दल माफी.

@माळरान यांनी सांगितलं तसंच लिहिलं. एक पान, सात रकमा, प्रत्येकीसमोर ते दोन प्रश्न. सोबत ३ आणि २२ तारखेचे दोन ई-मेल, आणि त्यांच्या वेबसाइटवरच्या फीच्या पानाची प्रिंट. त्या पानावर लीजहोल्ड सप्लिमेंट वेगळं पडेल असं कुठेही नाही!

चौथ्या आठवड्यात फर्मच्या भागीदार बाईंचं उत्तर आलं. बिल्डिंग सेफ्टीचे २४० "चुकून लागले" म्हणून परत. तातडीचे १२० परत. दुसरी ट्रान्सफर आणि कर्जफेड आपल्या टर्म्समध्ये आहे म्हणून नाही. लीजहोल्डचे ३०० त्याच कारणाने नाही. वाढीव चौकशांचे १८० मात्र काम झालंय म्हणतात. सोबत चौकशांची यादी पाठवली, एकतीस प्रश्न. खरं सांगतो, ती यादी वाचून माझा त्या रकमेवरचा राग गेला. एका प्रश्नात खरेदीदाराने २०१९ च्या छताच्या दुरुस्तीचा हिशोब मागितलाय आणि आमच्या सॉलिसिटरच्या सहायक मुलीने त्यासाठी एजंटला तीनदा लिहिलंय. ते पैसे तिचे आहेत. फक्त मला आधी सांगायला हवं होतं.

३६० पौंड मंगळवारी खात्यात आले. पत्राच्या शेवटी "हे पैसे पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून स्वीकारल्याची सही करून पाठवा" असा कागद होता.

माळरान

तो कागद सही केलात का? केला नसाल तर थांबा. लीजहोल्डचे ३०० आणि त्यासोबतचे कर्जफेड-ट्रान्सफरचे १३२ यासाठी ओम्बड्समनकडे जायचं असेल तर तडजोडीवर सही झाली की ते प्रकरण संपलं असं फर्म म्हणू शकते. ३६० त्यांनी स्वतः चूक मान्य करून दिलेत, त्याला सहीची अट कशाला?

नदीकाठ

केला नाही. "रक्कम मिळाली, उरलेल्या मुद्द्यांवर माझी तक्रार कायम आहे" एवढं कळवलं. ओम्बड्समनचा फॉर्म काल रात्री भरला. बायको म्हणाली ४३२ पौंडांसाठी कशाला जिवाला लावून घेतोस. मी म्हटलं, पहिल्या फॉर्ममध्ये मी "लीजहोल्ड" या चौकटीत स्वतःच्या हाताने खूण केली होती, त्यासाठी.

दूरदेशी

पुण्याहून लिहितोय. २०२१ ला परत आलो, लेस्टरचा फ्लॅट भाड्याने दिला होता, आता विकायचाय. हा धागा देवासारखा भेटला. इथून विकताना आणखी काय काय वाढतं?

माळरान

@दूरदेशी, पहिलं म्हणजे ओळख पडताळणी. पासपोर्टची प्रत तिथल्या नोटरीकडून किंवा वकिलाकडून प्रमाणित करून मागतील, फर्म परदेशातल्या ग्राहकासाठी वेगळी फी लावते का ते विचारा. दुसरं, टीआर १ हा हस्तांतराचा कागद. त्यावर सही करताना साक्षीदार समोर हवा, तो घरचा नको, आणि बऱ्याच फर्म शाईची मूळ सहीच मागतात. म्हणजे कुरिअर. एक्सचेंजच्या बऱ्याच आधी सही करून पाठवून ठेवा. तिसरं, इंग्लंडमधलं बँक खातं बंद केलं नसेल तर जपून ठेवा. कित्येक फर्म परदेशी खात्यात पैसे पाठवत नाहीत, पाठवले तर जास्त आकारतात.

आणि हे सॉलिसिटर बहुधा सांगणार नाही: तुम्ही ब्रिटनचे रहिवासी नाही, त्यामुळे कम्प्लीशनपासून ६० दिवसांत विक्रीचा कॅपिटल गेन्सचा (विक्रीतल्या नफ्यावरच्या कराचा) रिपोर्ट एचएमआरसीला (ब्रिटनचं कर खातं) द्यावा लागतो, कर शून्य असला तरी. चुकलं तर दंड. भारतातल्या रिटर्नचं तुमच्या सीएला विचारा.

दूरदेशी

खूप आभार, माळरान ताई. काल रात्री तीन फर्मना हाच ई-मेल पाठवला: "फ्लॅट लीजहोल्ड, दुसरा मजला, इमारत चार मजली, कर्ज आहे, मालक भारतात. हे सगळं धरून, व्हॅट आणि ट्रान्सफरसकट, शेवटच्या कम्प्लीशन स्टेटमेंटवर कोणता आकडा असेल ते लिहा, आणि त्यावर एक पौंडही वाढणार असेल तर काम करण्याआधी माझी लेखी परवानगी घ्याल का ते लिहा."

एकाचं उत्तर आलं नाही. एकाने ९२० लिहून खाली "अतिरिक्त शुल्क लागू" असं टाकलं. तिसऱ्या बाईंनी प्रत्येक ओळ वेगळी लिहून २,०१० सांगितले, परवानगीलाही हो म्हणाल्या, आणि वर विचारलं की इमारत चार मजली असली तरी ११ मीटरच्या वर आहे का, ते मॅनेजिंग एजंटला विचारून कळवाल का. त्यांना काम दिलं. एजंटला ई-मेल आत्ताच पाठवला.